चौपन्न सेकंद



आकाशवाणीवर मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा ईदच्या सुमाराला, नाहीतर मराठी गझलेवर बोलण्यासाठी. 1990 साली आमच्या सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. मंडपात मागच्या रांगेत बसून सगळं ऐकलं आणि त्याच आठवड्यात पहिली कविता लिहिली. तेव्हापासून कवी ही ओळख चिकटली ती चिकटलीच. पोटापाण्यासाठी मात्र मी छापखान्यात प्रूफं वाचतो. आज कवितेबद्दल नाही, एका परीक्षेबद्दल बोलणार आहे. परीक्षा माझी नव्हे, माझ्या भाचीची. बी.एस्सी. नर्सिंगची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी.

शंभर प्रश्न, शंभर गुण, नव्वद मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारा एक भाग, प्रत्येकी वीस प्रश्न. सगळं संगणकावर. नव्वद मिनिटांचे सेकंद केले आणि शंभरांनी भागले की प्रश्नाला चौपन्न सेकंद येतात. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा मलाच धडकी भरली. मी एक ओळ प्रूफ वाचायला याहून जास्त वेळ घेतो.

माझी बहीण कुंभारीला राहते. विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं तिथं दहा हजार घरांची वसाहत झाली, 2006 साली घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तिथं बहुतेक बायका तेलुगू बोलणाऱ्या, पद्मशाली समाजाच्या; आमच्याही काही आहेत. बहीण विड्या वळते. मेहुणे एमआयडीसीत पॉवरलूमवर आहेत, टॉवेलच्या मागावर. त्यांची एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. घर लहान, तंबाखूचा वास भिंतींना धरलेला. त्याच घरात ही मुलगी सायन्स घेऊन बारावी झाली.

दहावीपर्यंत ती उर्दू शाळेत होती. अकरावीला सायन्स म्हणजे एकदम इंग्रजी. ज्याला ती दहा वर्षं ‘जियाई तालीफ’ म्हणत होती, ज्याला शेजारची मराठी शाळेतली मैत्रीण ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणत होती, ते आता ‘फोटोसिंथेसिस’ झालं. पेशीला ‘खलिया’ म्हणायची सवय, आता ‘सेल’. झाड तेच, पान तेच, नाव तेवढं बदललेलं. शहाण्या माणसालाही अशा वेळी आपण अडाणी आहोत असं वाटायला लागतं. तिलाही वाटलं.

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. ती 2021 च्या दहावीची. त्या वर्षी करोनामुळे दहावीची बोर्डाची परीक्षाच झाली नाही, शाळेतल्या मूल्यमापनावर निकाल लागले. तेव्हा आम्ही पेढे वाटले, पोरगी पास झाली म्हणून. पण घड्याळ लावून, अनोळखी वर्गात, अनोळखी बाकावर बसून पेपर लिहिण्याची तिची पहिली वेळ थेट बारावीला आली. त्या वर्षीची पुष्कळ मुलं अशीच असणार.

2023 साली तिनं पहिल्यांदा सीईटी दिली. घरी आली ती मुकाट्यानं येऊन चुलीपाशी बसली. एकाहत्तर प्रश्न सोडवले होते आणि एकोणतीस कोरे ठेवले होते. मी विचारलं, “कोरे का ठेवलेस? चुकलं तर गुण कापतात का?” तिला ते माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. नंतर माहितीपत्रक नीट वाचलं तेव्हा कळलं की चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. एकोणतीस ठिकाणी डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी चारातल्या एकाच्या हिशेबानं सातेक गुण पदरात पडण्यासारखे होते. तेवढे गुण मिळाले असते तर यादीत बसली असती की नाही, सांगता येत नाही. माहितीपत्रक तिच्या हातात होतं, छापलेलं होतं, आणि तिचा मामा धंद्यानं वाचणारा आहे. तरी ते पान आम्ही कुणी वाचलं नाही. ही चूक मी माझ्या खात्यावर लिहिली आहे.

सरकारी कॉलेजात नंबर लागला नाही. खासगी कॉलेजची फी आमच्या आवाक्याबाहेरची. आणि नेमकं त्याच वेळी तिला एक स्थळ आलं. मुलगा बरा होता, घर बरं होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. अशा स्थळांचीच जास्त भीती वाटते.

मेहुण्यांचं म्हणणं साधं होतं. “भाईजान, नर्सचं काम म्हणजे रात्रपाळी. लोक काय म्हणतील?” हा माणूस वीस वर्षं एक आठवडाआड रात्रपाळी करतो. पुरुषाची रात्रपाळी ही रोजी असते, बाईची रात्रपाळी ही चर्चा असते. हे मी त्यांना तेव्हा बोललो नाही. पाहुण्यासारखा चहा घेतला आणि परत आलो.

बोलली ती माझी बहीण. 2020 साली मेहुणे करोनात अकरा दिवस दवाखान्यात होते. आत कुणाला सोडत नव्हते. रोज रात्री केव्हातरी बहिणीच्या मोबाईलवर फोन यायचा. पीपीई किट घातलेली एक सिस्टर स्वतःचा फोन त्यांच्या कानाला लावून धरायची. किटवर छातीशी मार्करनं नाव लिहिलेलं असायचं, एवढीच तिची ओळख. तिचा चेहरा त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नाही. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. बहिणीनं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, “वो सिस्टर रात कोच फोन लगाती थी ना?” मेहुणे जेवले, हात धुतले, आणि पाळीला जाताना दारातून म्हणाले, “एक साल. उसके बाद मेरेकु कोई कुछ बोलना नक्को.”

असं एक वर्ष मिळालं.

आता त्या वर्षाबद्दल. क्लास लावायला पैसे नव्हते. भाची आठवड्यातून तीन दिवस कुंभारीहून माझ्याकडे यायची. माझं घर विजापूर वेशीजवळ, गल्लीत गोंगाट, पण एक खोली वरची. केमिस्ट्रीतलं मला काही कळत नाही. माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, थोडं इंग्रजी आणि एक घड्याळ.

घड्याळाची गोष्ट आधी सांगतो. चावी द्यायचं एचएमटी, सेकंद काटा असलेलं. बी.ए. झाल्यावर मी बँकेच्या कारकुनीची परीक्षा दिली होती, तेव्हा वडिलांनी घेऊन दिलेलं. ती परीक्षा मी नापास झालो. अभ्यास झाला नव्हता म्हणून नव्हे. इंग्रजीच्या भागात एक उतारा होता, एका नदीच्या पुराचा. चांगला लिहिला होता. तो मी दोनदा वाचला. कसा लिहिलाय ते पाहात बसलो, आणि मान वर केली तेव्हा पर्यवेक्षक पेपर गोळा करत होते. घड्याळ मनगटावर चालू होतं, मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. नंतर त्या कंपनीचं घड्याळं बनवणंही 2016 साली बंद पडलं. हे माझं मात्र अजून चालतं, दिवसाला दोन मिनिटं मागं पडतं एवढंच.

पहिल्या सराव परीक्षेला ते घड्याळ मी टेबलावर ठेवलं. नव्वद मिनिटांत तिचे एकसष्ट प्रश्न झाले, बरोबर आले चौतीस. मी शेजारी बसून कोणत्या प्रश्नाला किती वेळ गेला ते वहीत मांडलं होतं. भिंगाच्या एका गणितावर तिनं सात मिनिटं घालवली होती. सात मिनिटं म्हणजे जवळजवळ आठ प्रश्नांचा वेळ. मी विचारलं, “सोडून का दिलं नाहीस?” म्हणाली, “मामू, येत होतं. बस्स, थोडंसंच राहिलं होतं.” मला नदीचा पूर आठवला.

तिला तो हिशेब समजावायला मी बरंच व्याख्यान दिलं. उपयोग झाला नाही. एका रविवारी मी कुंभारीला गेलो होतो. बहीण सूप मांडीवर घेऊन बसली होती. ज्यांनी विडी वळताना पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तेंदूची पानं आदल्या दिवशी भिजवून ठेवायची, पत्र्याचा साचा धरून कात्रीनं कापायची, पानात तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची, टोक दुमडायचं. मजुरी हजार विड्यांवर. पंचवीसचं एक बंडल, अशी चाळीस बंडलं झाली की हजार. वाईट वळलेली विडी जमा करताना ‘छाट’ म्हणून बाजूला निघते, ती मेहनत फुकट.

मी सहज हिशेब केला. दहा तासांत हजार, म्हणजे एका विडीला छत्तीस सेकंद. तो मोठ्यानं बोललो. बहीण हसली. तिनं आयुष्यात असा हिशेब केला नव्हता, तिच्या बोटांनी केला होता. मग मुलीकडे न बघताच म्हणाली, “पत्ता फट्या तो उसके पास बैठ के रोती क्या मैं? बाजू में डालती, दुसरा लेती. आखिर में फटे हुए में से निकले उत्ते निकालती.” पान फाटलं तर त्याच्यापाशी रडत बसत नाही, बाजूला टाकते, पुढचं घेते, शेवटी फाटक्यातून निघतील तेवढ्या विड्या काढते.

भाची आईकडे बघत राहिली. मी वर्षभर ज्याला ‘वेळेचं नियोजन’ वगैरे म्हणालो असतो, ते असं दोन वाक्यांत झालं. आणि वर बहीण म्हणाली, “तेरेकु तो चौपन्न हैं. बहुत हैं.”

मग आम्ही पेपर तसाच सोडवायचा ठरवलं. पहिल्या फेरीत दिसताक्षणी येणारे प्रश्न घ्यायचे. सुरुवात बायॉलॉजीपासून, कारण तिथं आकडेमोड नाही आणि तो विषय तिचा आवडता. मग कल तपासणारा भाग, मग इंग्रजी, मग केमिस्ट्री, आणि फिजिक्स सगळ्यांत शेवटी. पन्नास मिनिटं या फेरीला. जिथं पेन थांबेल ते पान बाजूला. दुसऱ्या फेरीत पस्तीस मिनिटं बाजूला टाकलेल्या पानांना. शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. चुकीला इथं छाट नाही, हे मी भिंतीवर लिहूनच ठेवलं. आकडे सगळ्यांना असेच लागू पडतील असं नाही. कुणाचं फिजिक्स पक्कं असेल तर त्यानं तिथूनच सुरुवात करावी. पण कुठून सुरुवात करायची हे परीक्षेच्या दिवशी खुर्चीत बसून ठरवू नये, एवढं मी अनुभवानं सांगतो.

इंग्रजी माझ्याकडे होतं. व्याकरणाचे नियम पाठ करून घेण्यात मी वेळ घालवला नाही. शब्द फोडायला शिकवलं. वैद्यकातले लांबलचक शब्द बहुतेक ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांचे असतात. शेवटी ‘आयटिस’ आलं की सूज. अपेंडिक्सला सूज तो अपेंडिसायटिस, सांध्याला सूज तो आर्थ्रायटिस. ‘हेपॅटायटिस’पाशी आलो तेव्हा म्हटलं, ‘हेपार’ म्हणजे ग्रीकमध्ये यकृत. यकृत म्हणजे आपलं काय? ती म्हणाली, “जिगर.” मग दोघंही हसत सुटलो. उर्दू शायरीतल्या सगळ्या आशिकांचं जे सतत जळत असतं, तो निव्वळ हेपॅटायटिस होता म्हणायचं! पण त्या दिवसानंतर तो शब्द ती कधी विसरली नाही. तीन भाषा हे ओझं आहे असं तिला वाटत होतं. तीन ठिकाणी टांगलेली गोष्ट सहजासहजी खाली पडत नाही, हे तिला हळूहळू दिसायला लागलं.

याच सुमाराला तिला मी भय्या चौकात घेऊन गेलो, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरी. तिथं आता स्मारक आहे. सोलापूरकरांना कोटणीस माहीत असतात, शांतारामबापूंच्या 1946 च्या सिनेमामुळे इतरांनाही. 1910 साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि 1942 साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. मला तिला दाखवायची होती ती वेगळी गोष्ट. हा डॉक्टर तिथं गेला तेव्हा त्याला चिनी येत नव्हतं. तो ते शिकला, आणि मग त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवायला लागला. आणि त्यांची पत्नी क्वो छिंगलान नर्स होत्या, तिथल्या वैद्यकीय शाळेत नर्सिंग शिकवायच्या. सिनेमा डॉक्टरांवर निघाला. भाची क्वो छिंगलान यांच्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. काही बोलली नाही. परत येताना रिक्षात फक्त विचारलं, “यांना मराठी येत होतं का मामू?” मला ठाऊक नव्हतं.

कल तपासणाऱ्या भागासाठी आमच्या गल्लीतल्या एक बाई मदतीला आल्या. सिव्हिल हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या सिस्टर. कागदावर ‘परिचारिका’ लिहितात, पण त्या शब्दानं हाक मारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सराव पुस्तकात प्रश्न असा होता: वॉर्डात एक पेशंट पाणी मागतोय, एकाचे नातेवाईक आरडाओरडा करताहेत, एक गप्प पडून आहे आणि त्याला धाप लागली आहे. आधी कुणाकडे जाल? भाचीनं पाण्यावर खूण केली. तहानलेल्याला पाणी देणं हे तिच्या लेखी सगळ्यांत मोठं पुण्य. सिस्टर म्हणाल्या, “बाळा, इथं चांगली मुलगी कोण ते विचारत नाहीत. आधी काय करशील ते विचारतात. श्वास आधी. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, म्हणून तर तो ओरडतो. गप्प असतो त्याच्याकडे बघायचं.”

मी बाजूला बसून ऐकत होतो. पुस्तकातला प्रश्न आणि त्यांची चाळीस वर्षांची नोकरी एकमेकांना येऊन भिडली होती. परीक्षेत येत नाही तो प्रश्न सोडून पुढं जा म्हणून मी घोकून घेत होतो, आणि या बाई तिला सांगत होत्या की वॉर्डात कुणालाच सोडायचं नसतं, फक्त क्रम लावायचा असतो. सोडलेल्या पेशंटकडे दुसऱ्या फेरीत जायला तो असेलच असं नाही.

त्याच बाईंनी तिला नाडी मोजायला शिकवलं. अंगठ्यानं बघायची नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. दोन बोटं मनगटावर, डोळे सेकंद काट्यावर. मोठ्या माणसाची मिनिटाला साठ ते शंभर. आमच्या लहानपणी गल्लीत एक हकीमसाहेब होते, ते नब्ज बघायचे. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. डोळे मिटून बोटांनी ऐकायचे. इब्न सिनाच्या ग्रंथात नाड्यांची वर्णनं आहेत, मुंगीच्या चालीची नाडी, लाटेसारखी नाडी, हरणासारखी उसळणारी नाडी. त्या हरणाच्या नाडीचं नाव ‘गजाली’. कवीला आणखी काय हवं? पण 1707 मध्ये इंग्लंडात जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरनं नाडीसाठी मुद्दाम मिनिटभर चालणारं घड्याळ बनवून घेतलं, आणि नाडी मोजण्याची गोष्ट झाली. हरणाची चाल एकाच्या बोटांवरून दुसऱ्याला सांगता येत नाही. ब्याण्णव हा आकडा कागदावर लिहून पुढच्या पाळीच्या हातात देता येतो. मी हे मान्य करतो, जरा नाखुशीनंच.

बघता बघता वर्ष सरत आलं. सराव परीक्षेतला आकडा एकसष्टवरून ब्याऐंशीवर, मग शहाण्णववर गेला. मधे रमजान आला. रोजा ठेवून दुपारी दोनला नव्वद मिनिटं बसणं सोपं नव्हतं, आणि मार्चमधलं सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. एकदा वैतागून म्हणाली, “घडी नक्को दिखाओ मामू, पेट में गोला आता.” त्या दिवशी मी घड्याळ उलटं ठेवलं. गंमत म्हणजे त्या दिवशी तिचा पेपर नव्वदच्या आत संपला. अधूनमधून घड्याळ पाहायचं हे शिकवता येतं, पण सतत पाहायचं नाही हे तिनंच मला शिकवलं.

2024 च्या उन्हाळ्यात ती दुसऱ्यांदा बसली. केंद्र शहराबाहेरच्या एका कॉलेजात. फाटकावर तपासणी. मोबाईल नाही, कागद नाही, आणि घड्याळही नाही. वेळ संगणकाच्या पडद्यावरच दिसणार. वर्षभर ज्याच्याकडे बघून सराव केला ते एचएमटी तिनं मनगटावरून काढून माझ्या हातात दिलं आणि आत गेली.

बाहेर लिंबाखाली पालकांची गर्दी होती. कुणी चटया आणल्या होत्या, कुणी तसबी ओढत होतं, एक आजोबा पोथी वाचत होते. मेहुणे रात्रपाळी करून थेट आले होते, अंगावर सुताचे तंतू. ते झाडाला टेकले आणि झोपी गेले. मी घड्याळ धरून बसलो. पन्नास मिनिटं झाली तेव्हा मनात म्हटलं, आता दुसरी फेरी. पंच्याऐंशी झाली तेव्हा म्हटलं, आता कोरं काही ठेवू नकोस. माझं घड्याळ मागं पडतं हे मी विसरलो होतो. मी अजून मनातल्या मनात शेवटचे प्रश्न भरत होतो, तेवढ्यात मुलं बाहेर यायला लागली होती.

ती आली. बाप उठून उभा राहिला. मी विचारण्याआधीच तिनं सांगितलं, “एक बी कोरा नहीं रख्या.”

प्रवेशाच्या तिसऱ्या फेरीत मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात नंबर लागला. स्थळवाल्यांनी दुसरीकडे जमवलं, त्यांचं चांगलं होवो. एसटी स्टँडवर पोहोचवायला गेलो तेव्हा बहिणीची बोटं तंबाखूनं पिवळी होती आणि ती ओढणीत लपवत होती. मुलीनं ती बाहेर काढून धरून ठेवली, गाडी सुटेपर्यंत.

आता ती पुढच्या वर्गात आहे आणि वॉर्डात जाते. सलाईनच्या थेंबांचा हिशेब फोनवर मला घालते. 500 मिलिलिटर आठ तासांत द्यायचं, मिलिलिटरला पंधरा थेंब, तर मिनिटाला किती? मी कागद शोधेपर्यंत ती उत्तर देऊन मोकळी होते, सोळा. एचएमटी ती घेऊन गेली होती, पण वॉर्डात मनगटावर घड्याळ चालत नाही, हात सारखे धुवावे लागतात. म्हणून तिनं छातीवर उलटं टाचायचं छोटं घड्याळ घेतलंय. माझं परत आलं.

गेल्या ईदला ती घरी आली होती. शिरखुर्मा झाला, पाहुणे येऊन गेले. दुपारी मी वरच्या खोलीत पडलो होतो, तर येऊन म्हणाली, “हात द्या मामू, प्रॅक्टिस करते.” दोन बोटं मनगटावर ठेवली. मी काहीतरी बोलायला लागलो तर म्हणाली, “बोलू नका.” पंधरा सेकंद झाले, तीस झाले, ती मोजतच राहिली. पूर्ण एक मिनिट झाल्यावर मी म्हटलं, “पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं असतं ना गं? सिस्टरनी तसंच शिकवलं होतं.”

“ठोके सारखे पडत असतील तर,” ती म्हणाली. बोटं तिनं काढली नव्हती. “तुमचा मधेच एक चुकतोय. पुन्हा एक मिनिट बघते. आणि उद्या सकाळी आपण दोघं ईसीजी काढायला जायचं, अम्मीला आत्ता सांगू नका.”